कॅमेऱ्यातली पाठ

पितांबरभाऊंच्या हातून चहाचा कप सुटला तो थेट गादीवर उलगडलेल्या मोतिया साडीवर, आणि मला आधी रागच आला. मी दुकानाच्या आतल्या दालनात होते. फैजपूरकडच्या बायकांना रेशमी साड्या दाखवत होते आणि बाहेरून ओरडणं ऐकू आलं, "अरे देवा! हाई ते आपली मंजुताई शे!" मी धावत बाहेर आले तर चहा साडीभर पसरलेला, लोटन फडकं शोधत पळतोय, आणि पितांबरभाऊ गल्ल्याच्या वर टांगलेल्या पडद्याकडे बोट दाखवताहेत. दुकानात नवीन कॅमेरे बसले होते, त्यांचा हा पडदा. चार चौकोन, चारही कोपऱ्यांतलं दुकान वरून दिसतं. आतल्या दालनाच्या चौकोनात आता फक्त त्या फैजपूरच्या बायका होत्या. "आत्ते व्हती आठे," ते म्हणाले, "पाठमोरी उभी व्हती." हे पितांबरभाऊ आमच्या दुकानातले जुने सेल्समन. माझं लग्न व्हायच्या आधीच काम सोडून भडगावला आपल्या घरी गेलेले. नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला इतक्या वर्षांनी आले म्हणून माझ्या नवऱ्याने, तरुणने, त्यांना मानाने स्वतःशेजारी बसवलं होतं. मला ते ओळखत नव्हते. आणि मंजुताई म्हणजे मंजुल, तरुणची धाकटी बहीण. ती मी या घरात येण्याआधीच काविळीने गेलेली.

म्हातारं माणूस, नजर कच्ची, झालं असेल काहीतरी, असं म्हणून मी आत निघाले होते. पण लोटनला नव्या यंत्राची भारी हौस. त्याने तेवढ्यात चित्र मागे नेलं आणि थांबवलं. मी सहज वर बघितलं. चौकोनात एक बाई पाठ करून उभी होती. साधी करवंदी रंगाची साडी, बारीक काठ, पदर पाठीवर कमरेपर्यंत मोकळा सोडलेला. मानेवर खाली बांधलेला अंबाडा, मधोमध नव्हे, जरासा डावीकडे. उजवा हात मागे नेऊन तिने डाव्या हाताचं कोपर धरलं होतं. ही कोण बाई, किती छान उभी आहे, असं माझ्या मनात आलं, आणि मग मी माझ्या अंगावरची करवंदी साडी बघितली. माणूस स्वतःला ओळखत नाही म्हणजे काय? पण खरंच ओळखलं नाही. आरशात मी रोज असते, फोटोंत तर ढिगाने आहे, पण पाठीचा फोटो कोण काढतं? "मागून तश्याच दिखतस भाभी तुम्ही," पितांबरभाऊ आता ओशाळून हात जोडत होते. "तोच अंबाडा, तोच हात. तोंड मानूस विसरी जास, पाठ नही विसरस. माफ करा." मी हसायला गेले. तरुणकडे बघून हसायला गेले, की बघ हे काय म्हणताहेत. तरुण चहाने भिजलेल्या साडीची घडी घालत होता. ओल्या साडीची कोणी घडी घालत नाही, दुकानदाराचा मुलगा तर नाहीच नाही. तो खाली मान घालून पट्टीवर पट्टी बसवत राहिला आणि मला कळलं की याला माहीत आहे.

आमच्या मजल्याखाली राहणारी मयुरी, कॉलेजातली पोर, हिने गेल्याच आठवड्यात माझी एक रील काढली होती. 'जळगावची स्टाइल क्वीन रूपलभाभी' असं वर ठळक लिहून. तिने विचारलं, भाभी, तुम्ही स्टाइल कुठून आणता? मी काय तोऱ्यात उत्तर दिलं होतं! मासिकातून नाही, सिनेमातून नाही, आजूबाजूच्या माणसांकडून वेचते, म्हणाले. ते खोटं नव्हतं. लहानपणापासून माझी नजरच तशी. धुळ्याला माझं माहेर. आग्रा रोडवरून शाळेत जाताना मी माणसं बघत जायची. आमच्या भूगोलाच्या बाई घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवायच्या, वेळ बघताना जणू स्वतःलाच काही सांगताहेत अशा दिसायच्या. ते घड्याळ मी उचललं, अजून तसंच घालते. धुळे-जळगाव एसटीत एक लेडी कंडक्टर असायच्या. खाकी वर्दीवर कपाळाला अगदी बारीक काळी टिकली, ती पण भुवयांच्या मध्ये नाही, थोडी खाली. ती टिकली माझी झाली. भाजीबाजारात गवार विकणाऱ्या लताबाई निऱ्यांच्या टोकाला चिमटा काढून त्या आत खोचतात, दिवसभर उठबस करूनही निऱ्या जागच्या हलत नाहीत. तेही घेतलं. दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीतून एक इंजिनिअर मॅडम यायच्या खरेदीला, त्या एकाच कानात मोठं कानातलं घालायच्या. ते मात्र मला जमलं नाही, बाई घरी नजरेनेच काढायला लावतील असं वाटलं. बाई म्हणजे माझ्या सासूबाई, प्रेमकुंवर. आमच्या जुन्या मारवाडी घरांत आईला बाईच म्हणतात. तर हे सगळं मी मयुरीला भरभरून सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, मी नक्कल कुणाचीच करत नाही. पोरगी खूश झाली. केवढ्या लोकांनी बघितलं ते. आता दुकानात उभी राहून मी एकेक वेचलेली वस्तू आठवत होते आणि अंगावर काटा येत होता, कारण घड्याळ, टिकली, निऱ्या, सगळं समोरचं होतं. आरशात दिसेल तेवढंच मी वेचलं होतं. पाठीचं मी काय वेचलं? अंबाडा कोणाचा? पदर कोणाचा? कोपर धरून उभं राहायला मला कोणी शिकवलं?

"मंजुल अशी उभी राहायची का?" मी तरुणला विचारलं. पितांबरभाऊ ऐकत होते, लोटन ऐकत होता, मला पर्वा नव्हती. तो म्हणाला, "घरी गेल्यावर बोलू." "आत्ता सांग." त्याने घडी केलेली ओली साडी बाजूला ठेवली. म्हणाला, "तू माझ्यामागून चालतेस ना नेहमी, तू चिडवतेस मला, की शेठ पुढे आणि शेठाणी मागे." हो, चिडवते. लग्न झाल्यापासून हा कायम माझ्या चार पावलं पुढे. बाजारात, देरासरात दर्शनाला, डोंगरावर फिरायला गेलो तिथेही. मारवाडी नवरे असेच, असं मी माहेरी सांगून हसवायची. "मला मागून बघवत नाही तुला," तरुण म्हणाला. एवढंच म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. इतक्या वर्षांचा संसार, एक मुलगा, पुण्याला शिकायला गेलेला पुनीत, आणि हा माणूस माझ्या पाठीपासून पळत होता.

मी पर्स घेतली आणि पायी घराकडे निघाले. भर उन्हात. जळगावच्या उन्हात कोणी शहाणं माणूस दुपारी पायी निघत नाही, पण रिक्षात बसले असते तर पाठ टेकावी लागली असती, आणि मला पाठीला काही लागायला नको होतं. लोक बघताहेत असं वाटत होतं. मागून चालणारा प्रत्येकजण काहीतरी ओळखतोय असं. मला आठवलं, मी नवी नवरी म्हणून आले त्या पहिल्या आठवड्यातली सकाळ. आमच्यात सुनेला बींदणी म्हणतात आणि बींदणीचं डोकं सासऱ्यासमोर झाकलेलं असतं. माझ्या आईने धुळ्याहून निघताना चार वेळा बजावलं होतं, पदर कपाळापर्यंत, सासऱ्यांना केस दिसता कामा नयेत. उघड्या डोक्याने घरात वावरते ती त्या घरची मुलगी, बींदणी नाही. मी पदर ओढून चहाचा ट्रे घेऊन आले, पप्पाजी, म्हणजे सासरे अभयकुमार, पेपर वाचत होते, आणि बाई उठून आल्या. स्वतःच्या हाताने माझा पदर मागे सारला. म्हणाल्या, "या घरात डोकं झाकायचं नाही. तू मला मुलगीच." मी रडले होते. खरंच रडले होते. धुळ्याला फोन करून सांगितलं, आई, मला देवमाणसं मिळाली. सगळ्या चुलत जावा डोक्यावरून पदर घेऊन घामाघूम, आणि मी लग्नाकार्यात मोकळ्या मानेने फिरते! त्या जळायच्या. माझ्या सगळ्या रुबाबाचं मूळ तिथे होतं. मान मोकळी म्हणून अंबाडा, अंबाडा म्हणून मागे खोल गळ्याचं ब्लाउज, पदर मोकळा म्हणून ती चाल. मुलगीच, असं म्हणाल्या होत्या बाई. मी ते लाडाने घेतलं. त्या तर नुसतं खरं सांगत होत्या.

मग आठवणी थांबेनात. अंबाडा मी आधी वर बांधायची, कॉलेजात बांधायचो तसा. बाई एकदा मागून येऊन म्हणाल्या होत्या, खाली घे, मान लांब दिसते. पुन्हा कधीतरी, जरा डावीकडे. मी घेतला, आणि शोभला, म्हणून माझा झाला. ओट्याशी उभी असताना एकदा म्हणाल्या, हात मागे घेऊन कोपर धर, पाठ ताठ राहते. दिवाळीला बाई मला साडी द्यायच्या ती नेहमी साधी, बारीक काठाची. घरात साड्यांचं दुकान असताना पहिली साडी त्यांनी कपाटातून काढून दिली होती, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. आमच्या दुकानात माल हंगामात येतो, हंगामात जातो. डांबराच्या गोळ्या घालायला साडी तेवढी टिकतेच कुठे? ती साडी कोणाच्या लग्नासाठी घेऊन ठेवली होती हे मला तेव्हा सुचलं नाही. आत्ता भर रस्त्यात सुचलं. मी एका बंद दुकानाच्या शटरला हात टेकला. आणि पप्पाजी! ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी स्वयंपाकघराकडे वळले की पप्पाजी उठून गच्चीवर जायचे. मला वाटायचं, त्यांना माझं उघडं डोकं आवडत नाही, बाईंपुढे बोलता येत नाही म्हणून उठून जातात. मी मनातून त्यांच्यावर रागावलेली होते. ते गेले तेव्हा मी हवी तेवढी रडलेही नाही.

मंजुलचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. गोल चेहरा, जाड भुवया, गालावर खळी. माझा चेहरा लांबट. त्या फोटोसमोरून मी हजारदा गेले असेन, कधी मनात आलं नाही की हिच्यात आणि माझ्यात काही सारखं आहे. एवढंच ऐकून होते की ती कॉलेजातसुद्धा साडी नेसून जायची, सुट्टीत दुकानात उभी राहायची आणि बायका म्हणायच्या, आम्हाला मंजुताईसारखी दाखवा. आता मला तेच म्हणतात. रूपलभाभीसारखी दाखवा. मला त्या मेलेल्या पोरीचा हेवा वाटला, भीती वाटली आणि लगेच स्वतःची लाज वाटली, एकामागून एक. पण सगळ्यात खाली एकच प्रश्न होता आणि तो सुटत नव्हता. बाईंनी मला जीव लावला. माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागल्या, आजारपणात मला भरवलं, धुळ्याला आई गेली तेव्हा मला मांडीवर घेऊन बसल्या. ते सगळं कोणासाठी होतं? मला त्यांनी एकदा तरी बघितलं होतं का, की फक्त माझी पाठ सांभाळली, दुकानात पुतळीला साडी नेसवून ठेवतात तशी?

घराच्या जिन्यात मी थांबले. मग पदर पुढे घेतला, डोक्यावरून घेतला, कपाळापर्यंत ओढला. आईने धुळ्याला शिकवला होता तसा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला ते करायचंच होतं. मयुरी खालून येत होती, ती म्हणाली, "अय्या भाभी, नवीन लूक?" मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाईंची वेताची खुर्ची गॅलरीत असते. सगळ्यांच्या म्हाताऱ्या गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून बसतात, येणारे जाणारे बघतात. बाईंची खुर्ची घराकडे तोंड करून असते, तिथून दिवाणखाना ओलांडून थेट स्वयंपाकघराचा ओटा दिसतो. मी त्यावरून विनोद करायची की बाईंना जगापेक्षा पोळ्यांची काळजी जास्त. मी दारातून आत आले तशा त्या सवयीने हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी माझा पदर बघितला. खालपासून वरपर्यंत बघितलं. चेहरा पांढरा पडला. मला वाटलं होतं विचारतील, हे काय, कोणी पाहुणे आलेत का. त्यांनी विचारलं, "कोणी काही बोललं का तुला?"

"पितांबरभाऊ आलेत भडगावहून," मी म्हणाले. "कॅमेऱ्यात मला मागून बघितलं आणि मंजुताई म्हणून ओरडले." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "बाई, तुम्ही मला मुलगी म्हणालात तेव्हा मी रडले होते. तुम्ही मला तिची पाठ लावलीत. मला विचारलं नाहीत, सांगितलं नाहीत. मी सगळ्या गावाला सांगत फिरते ही माझी स्टाइल."

बाई अगदी हळू, जणू मीच त्यांना काही भयंकर सांगितलं असावं तशा, म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं?"

"मला कुठून माहीत असणार?"

"अगं, मला वाटलं तरुणने तुला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी त्याला म्हटलं होतं, तिला विचार, मंजूसारखं राहणं तिला चालणार असेल तरच. तो म्हणाला, चालेल म्हणते." बाईंचे ओठ हलत होते, मग आवाज आला. "मला वाटलं तू जाणून करतेस. एवढीशी वीस-बावीस वर्षांची पोर, आपल्या आईचं घर सोडून आलेली, आणि माझ्यासाठी दुसऱ्या पोरीसारखे केस बांधते. तोंडातून अक्षर न काढता. मी रोज सकाळी माळ ओढताना तुझं नाव घेते, रूपल. देवाच्या नावाआधी. मंजूचं नाही घेत. तुझं घेते. म्हणते, अशी माणसं असतात जगात."

मी तयारी करून आले होते ती वेगळ्या भांडणाची. तिला बघत होतात, मला नाही, असं म्हणायचं होतं. आणि इथे तर बाईंनी मलाच बघितलं होतं, रोज, पण जी त्यांनी बघितली ती इतकी मोठ्या मनाची रूपल कधी नव्हतीच. मी तर फक्त शोभतं म्हणून अंबाडा खाली घेतला होता. मला विचारलं असतं तर, नवी नवरी असताना, मी हो म्हणाले असते? नाही. मेलेल्या नणंदेसारखं दिसायचं? अंगावर पाल पडल्यासारखी मी धुळ्याला पळाले असते. तरुणला ते माहीत होतं, म्हणून त्याने मला विचारलंच नाही, आईला परस्पर हो सांगून टाकलं आणि मग जन्मभर माझ्यापुढे चालत राहिला. इतका प्रेमळ आणि इतका भित्रा माणूस! बाईंचे माझ्यावरचे सगळे लाड मी न केलेल्या एका गोष्टीपायी होते, आणि ती गोष्ट मी रोज करतही होते. हे मी कोणाला समजावून सांगणार होते?

"चुकलं गं," बाई म्हणाल्या. त्या उठल्या. गुडघे दुखतात, खुर्चीचे हात धरून उठल्या, आणि ती वेताची खुर्ची दोन्ही हातांनी फरफटवत फिरवू लागल्या. मला कळेना त्या काय करताहेत. खुर्चीचं तोंड त्यांनी रस्त्याकडे केलं आणि पुन्हा बसल्या, माझ्याकडे पाठ करून. "आता नाही बघणार," म्हणाल्या. "तुला हवं तसं राहा. जा, पाणी पी, उन्हातून आलीस."

मी स्वयंपाकघरात गेले. माठातलं पाणी घेतलं, ओट्याशी उभी राहिले आणि पेला तोंडाला लावता येईना. पाठ थंड पडली होती. इतकी वर्षं या ओट्याशी मी उभी राहायची आणि मागून कोणीतरी बघतंय हे मला कळत नसे, पण पाठीला कळत होतं. म्हणून मी ताठ उभी राहायची. म्हणून पोळ्या लाटतानाही पदर नीट असायचा. ती नजर आज पहिल्यांदा नव्हती आणि मी कोण आहे, कशी उभी राहते, काहीच आठवेना. हात कुठे ठेवू ते सुचेना. उजवा हात आपोआप मागे गेला आणि कोपराला लागायच्या आत मी तो ओढून घेतला. बाहेर रस्त्यावर केळीने भरलेला ट्रक घरघरत गेला. बाईंची पाठ मला दारातून दिसत होती. पांढरी साडी, वाकलेले खांदे, मानेवर विरळ केसांची एवढीशी गाठ. ती गाठ जरा डावीकडे होती. मी कधी बघितलीच नव्हती. बाईंची पाठ तरी मी कधी बघितली होती?

मी पेला ठेवला आणि गॅलरीत गेले. डोक्यावरचा पदर सरकवला, त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले, त्यांच्याकडे पाठ करून. "बाई, अंबाडा सुटलाय का बघा जरा," म्हणाले. तो सुटलेला नव्हता हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. बऱ्याच वेळाने त्यांची बोटं मानेला लागली. एकेक पिन निघाली, सगळे केस पाठीवर मोकळे झाले, त्यांनी ते हातात गोळा केले आणि हात तसेच राहिले. वर नाही, खाली नाही, डावीकडे नाही.

"कुठे बांधू, रूपल?" बाईंनी विचारलं.

आजवर हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि मला सांगताच येईना.